बत्तीस मुलं आणि एक शिक्षक

थंडीच्या दिवसांत गावाबाहेरच्या माळावर एखाद्या शाळेचं स्काऊट पथक शिबिराला उतरतं. मुलं तीसेक, वयं ११ ते १५, सोबत एक सर, फार तर दोन. तीन दिवसांत तंबू उभे राहतात, चुली पेटतात, दोन्ही वेळचं जेवण शिजतं, भांडी घासून पालथी पडतात, आणि निघताना माळ आधी होता तितकाच स्वच्छ दिसतो. यातल्या कितीतरी मुलांनी घरी स्वतःचं जेवलेलं ताटही उचललेलं नसतं. वर्गाच्या सहलीला याच मुलांमागे चार शिक्षक जातात आणि तरी दर थांब्यावर डोकी मोजावी लागतात. मग इथे असं काय होतं?

‘शिस्त’ असं उत्तर पटकन दिलं जातं. गणवेश, शिट्टी, सलाम हे डोळ्यांत भरतं, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. पण शिट्टीने मुलं एका रांगेत उभी राहतील, त्यांना भात लावता येणार नाही. पथकाच्या आत कामाची एक वाटणी असते. ती बाहेरून दिसत नाही, आणि सगळं तिच्यावर चालतं.

सहा ते आठ जणांचा संघ

भारत स्काऊट्स आणि गाईड्स या आपल्या राष्ट्रीय संस्थेच्या रचनेत स्काऊटांचं एक पथक जास्तीत जास्त ३२ मुलांचं असतं. त्याचे साधारण चार संघ पाडतात, प्रत्येकात ६ ते ८ मुलं. मुलांच्या संघांना पशुपक्ष्यांची नावं असतात, वाघ, गरुड, मोर अशी. मुलींच्या गाईड पथकात फुलांची, कमळ, मोगरा, गुलाब. प्रत्येक संघाचा छोटा झेंडा वेगळा, आरोळी वेगळी, मैदानातला कोपराही ठरलेला. संघातलाच एक मुलगा संघनायक, दुसरा उपसंघनायक. बाकीच्यांनाही नेमून दिलेलं काम असतं. दोर, लाठ्या आणि पातेली एकाच्या ताब्यात, वर्गणीचा हिशेब दुसऱ्याकडे, प्रथमोपचाराची पेटी तिसऱ्याकडे, आणि चौथा संघाची वही लिहितो.

सहा ते आठ हा आकडा विचारपूर्वक ठरवलेला आहे. चारच जण असले तर एखादा तापाने पडल्यावर काम अडतं. बारा असले तर तिघं-चौघं मागे उभं राहून नुसतं बघतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. सात जणांत मात्र एकाने पाणी आणलं नाही की उरलेल्या सहांना ते लगेच कळतं, आणि ते त्याला तोंडावर सांगतात. सरांना मध्ये पडावंच लागत नाही.

दुसरी गोष्ट वयाची. वर्गात सगळी मुलं एका वयाची असतात. संघात मुद्दाम वेगवेगळ्या वयांची ठेवतात. १५ वर्षांचा संघनायक आणि नुकताच आलेला ११ वर्षांचा पोरगा शेजारी बसतात. लहानग्याला तंबूचा खुंट तिरका का ठोकायचा हे मोठा सांगतो, कारण चार वर्षांपूर्वी त्यालाही असंच कुणीतरी सांगितलेलं असतं. शिकवणारा शिक्षक नसून ओळखीचा दादा असला की मूल विचारायला घाबरत नाही. आणि दादाची स्वतःची समज पक्की होते ती सांगतानाच.

आषाढी वारी पाहिलेल्या माणसाला ही व्यवस्था समजायला वेळ लागणार नाही. पालखीबरोबर लाखो माणसं चालतात, तरी त्यांचा स्वयंपाक कुठल्या एका मुदपाकखान्यात होत नाही. वारी दिंड्यांत वाटलेली असते. प्रत्येक दिंडीचा क्रम ठरलेला, वीणेकरी ठरलेला, तंबू आपले, चूल आपली, आजाऱ्याची काळजीही आपली. मुक्कामाच्या गावी कुणी चुकलं तर त्याला लाखांत शोधायची गरज नसते, त्याची दिंडी त्याला शोधते. स्काऊट पथकातल्या संघाचं काम अगदी हेच आहे.

चार संघनायक आणि सर मिळून अधूनमधून बसतात. या बैठकीला मानसभा म्हणतात. पुढची सहल कुठे, वर्गणी किती, कोण तीन आठवडे आला नाही आणि का, भांडण कुणाचं आणि मिटवायचं कसं, हे तिथे ठरतं. सर सल्ला देतात, धोका दिसला तर थांबवतात, पण सहलीचा बेत मुलांचा असतो. बाहेर आल्यावर संघनायक आपापल्या कोपऱ्यात जाऊन निर्णय सांगतात. म्हणजे ३२ मुलांपर्यंत पोहोचायला सरांना चारच मुलांशी नीट बोलावं लागतं.

ब्राउनसी बेटावर काय झालं

ही पद्धत कागदावर ठरण्याआधी मैदानात करून पाहिली गेली. रॉबर्ट बेडन-पॉवेल हा ब्रिटिश लष्करी अधिकारी दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंग गावात वेढ्यात सापडला होता. १८९९ च्या ऑक्टोबरपासून १९०० च्या मेपर्यंत, २१७ दिवस तो वेढा चालला. सैनिक अपुरे होते, म्हणून गावातल्या पोरांची एक तुकडी निरोप पोचवायच्या कामाला लावली गेली. पोरं सायकलींवरून निरोप नेत. जबाबदारी खरी असली की मूल ती पेलतं, ही गोष्ट त्याच्या मनात राहिली.

१ ऑगस्ट १९०७ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्राउनसी बेटावर त्याने वीसेक मुलांचं शिबिर घेतलं. काही मुलं ईटन-हॅरोसारख्या श्रीमंतांच्या शाळांतली, काही आसपासच्या गावांतल्या कष्टकरी घरांतली. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही मुलं एका पंगतीला बसणं अवघडच होतं. त्यांची सरमिसळ करून त्याने चार संघ केले: लांडगा, बैल, डोमकावळा आणि कर्ल्यू नावाचा पाणपक्षी. प्रत्येक संघाच्या खांद्यावर वेगळ्या रंगाची फीत, प्रत्येकावर एक मोठा मुलगा नायक. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, त्याचं ‘स्काऊटिंग फॉर बॉईज’ हे पुस्तक निघालं आणि ते वाचून मुलांनी आपणहून संघ काढायला सुरुवात केली. मोठी माणसं मागून आली.

भारतात १९०९ मध्ये बंगळूरला कॅप्टन टी. एच. बेकर यांनी पहिलं पथक काढलं, आणि १९११ मध्ये जबलपूरला मुलींसाठी गाईडचं काम सुरू झालं. पण ही पथकं युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांची होती. भारतीय मुलांना त्यात जागा नव्हती. बंधुभावाची शपथ घेणाऱ्या संघटनेने अशी दारं लावून घ्यावीत, हे त्या काळातल्या आपल्या माणसांना सहन झालं नाही आणि त्यांनी स्वतःची पथकं उभारली. शाहजहानपूरला श्रीराम वाजपेयी, अलाहाबादेत मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू, मद्रासकडे अॅनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल. गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापलेल्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे कुंझरू सदस्य होते, पुढे अध्यक्षही झाले. नागपूरच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले व्हिव्हियन बोस हेही या कामातले. वेगवेगळ्या संघटना स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी एकत्र आल्या, १९५१ मध्ये गाईड त्यात सामील झाल्या, आणि आजची भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था तयार झाली.

कोण कुठल्या गटात (चौकट)

कब आणि बुलबुल: साधारण ५ ते १० वर्षं. मुलगे कब, मुली बुलबुल. सहा-सहा जणांची षटकं, भर खेळ आणि गोष्टींवर.
स्काऊट आणि गाईड: दहाव्या वर्षापासून सतरा-अठरापर्यंत. संघ, शिबिर, सहल, कौशल्यांची पदकं.
रोव्हर आणि रेंजर: त्यापुढे पंचविशीपर्यंत. भर सेवाकार्यावर: यात्रा, आपत्ती, रक्तदान.
पथकावर: मुलग्यांसाठी स्काऊट मास्तर, मुलींसाठी गाईड कॅप्टन. एकाच शाळेतली ही सगळी पथकं मिळून एक ग्रुप होतो.

आठवड्याची सभा

पथकाची सभा बहुधा आठवड्यातून एकदा, तास-दीड तास भरते. नालाच्या आकारात उभं राहून ध्वजवंदन, प्रार्थना, मग तपासणी. नखं, स्कार्फ, बुटांच्या नाड्या तपासायच्या त्या संघनायकाने. त्यानंतर एक धावपळीचा खेळ, मग प्रत्येक संघ आपल्या कोपऱ्यात जातो. तिथली वीस-पंचवीस मिनिटं ही सभेचा गाभा. नव्याला गाठ शिकवणं, वही पूर्ण करणं, सहलीला कोण काय आणणार ते ठरवणं, हे सगळं तेवढ्यात. शेवटी पुन्हा सगळे एकत्र, एखादी गोष्ट आणि ध्वज उतरवणं.

खेळही नुसते दमवणारे नसतात. ‘किमचा खेळ’ घ्या. चादरीवर २४ वस्तू मांडतात: किल्ली, चिंचोका, बटण, बसचं तिकीट. एक मिनिट पाहू देतात, मग झाकतात. संघाने आठवून यादी करायची. पहिल्यांदा चौदा-पंधरा वस्तू जेमतेम आठवतात. मग मुलं आपसांत ठरवतात की तू वरची रांग बघ, मी खालची बघतो, आणि यादी भराभर वाढते. निरीक्षण सुधारलं ते खरंच, पण वाटून घेतल्याने काम होतं हेही त्यांना कुणी न सांगता समजलं. हा खेळ रडयार्ड किपलिंगच्या ‘किम’ या कादंबरीतून घेतलेला आहे. कब पथकाचं जगही किपलिंगच्याच ‘जंगल बुक’मधलं आहे. पथकाच्या प्रमुखाला ‘अकेला’ म्हणतात, गोष्टीतल्या लांडग्यांच्या नायकावरून. हे जंगल सिवनीचं, नागपूरच्या शेजारचं, आणि लेखक मुंबईत जन्मलेला. विदर्भातल्या एखाद्या कबला अकेलाची गोष्ट सांगताना हे जरूर सांगावं.

गाठीच का शिकवतात

स्काऊट म्हटलं की गाठी, हे समीकरण सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामागचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं.

रीफ नॉट ही पहिली गाठ. दोन टोकं घ्यायची. उजवं डाव्यावर टाकून आतून काढायचं, मग डावं उजव्यावर टाकून आतून काढायचं. दोन्ही वेळा दिशा उलटी असल्यामुळे दोन वळसे एकमेकांत समांतर बसतात आणि गाठ सपाट पडते. म्हणून जखमेच्या पट्टीला हीच वापरतात. टोचत नाही, आणि हवी तेव्हा सुटतेही. पण दोन्ही वेळा उजवंच डाव्यावर टाकलं तर वळसे आडवे पडतात, गाठ फुगते आणि ताण आला की सरकते. दोन दोर कमी-जास्त जाडीचे असतील तर रीफ नॉट धरतच नाही, तिथे शीट बेंड लागते. माणसाला विहिरीतून वर ओढायचं असेल तर बोलाईन, कारण तिचा फास आवळत नाही, बरगड्या दाबत नाही.

आता यात परीक्षक कोण आहे ते पाहा. गाठ बरोबर आली की चुकली, हे सरांना विचारावं लागत नाही. ओढून पाहिलं की कळतं. गुणपत्रिकेची वाट बघणाऱ्या आपल्या मुलांसाठी हा अनुभव दुर्मिळ आहे. चूल पेटते किंवा पेटत नाही, तंबू वाऱ्यात टिकतो किंवा पडतो, वाट सापडते किंवा चुकते. स्काऊटच्या बहुतेक कौशल्यांत निकाल वस्तूच देते. त्यामुळे चुकलं तर मानहानी होत नाही. दोर सोडायचा आणि पुन्हा बांधायचा.

शपथ, सोपान आणि खरी कमाई

नवा मुलगा लगेच स्काऊट होत नाही. आधी ‘प्रवेश’. शपथ आणि नऊ नियम समजून घ्यायचे, तीन बोटांचा सलाम आणि डाव्या हाताचं हस्तांदोलन शिकायचं, आणि रोज एक तरी सत्कृत्य करून महिनाभर वहीत नोंदवायचं. तीन बोटं शपथेच्या तीन भागांसाठी: ईश्वर आणि देश यांच्याप्रती कर्तव्य, इतरांना मदत, नियमांचं पालन. ‘ईश्वर’ या शब्दाऐवजी ‘धर्म’ म्हणण्याची मोकळीक आपल्याकडच्या शपथेत आहे.

पुढे प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. सुरुवातीच्या चाचण्या पथकातच होतात, वरच्या पायऱ्यांना बाहेरचे परीक्षक शिबिरात बसून पाहतात. या सोपानांत पहिला-दुसरा नंबर नसतो. जो तयार झाला तो पुढे जातो, उरलेले आपल्या वेळेने जातात.

महाराष्ट्रात अनेकांच्या आठवणीत असते ती ‘खरी कमाई’. मुलं घरोघर जाऊन काम मागतात: अंगण झाडणं, सायकल पुसणं, पुस्तकांना कव्हरं घालणं, बागेला पाणी घालणं. काम करून दिलं की घरमालक कार्डावर काम आणि रक्कम लिहून सही करतात. यातला नियम साधा पण कडक आहे: कामाशिवाय पैसा घ्यायचा नाही. कौतुकाने कुणी ‘राहू दे रे बाळा, हे घे दहा रुपये’ म्हणालं तर ते नाकारायचं. पालकांना माझी एक विनंती आहे. पोरगा दारात आला तर त्याला खरंच काम द्या, आणि नीट झालं नसेल तर पुन्हा करायला सांगा. देणगी देऊन त्याचं कार्ड भरून टाकू नका.

शिबिरात हे सगळं एकत्र येतं

शिबिरस्थळी पोचल्यावर जागा संघांना वाटून दिली जाते. प्रत्येक संघ आपला तंबू, आपली चूल आणि आपला कचऱ्याचा खड्डा करतो. वारा कुठून येतो ते आधी पाहायचं. चुलीचा धूर तंबूत यायला नको, आणि शौचाचा चर वाऱ्याच्या खालच्या अंगाला, पाण्यापासून लांब हवा. मग लाठ्या आणि सुतळी घेऊन सोयी उभ्या करायच्या: चपलांचं फळकूट, भांड्यांचा ओटा, कपड्यांची दांडी. खिळा एकही नाही, फक्त दोराची बांधणी. आडव्या-उभ्या काठ्यांना आधी खुंटगाठ, मग चौकटीने तीन वेढे, आणि त्या वेढ्यांवरून, दोन काठ्यांच्या मधून, दोन-तीन आवळ वेढे. हे शेवटचे वेढेच बांधणी घट्ट करतात. घाईत ते राहिले तर सकाळपर्यंत ओटा डुगडुगायला लागतो.

शिधा मोजून मिळतो. आठ जणांना तांदूळ किती? माणशी किती मुठी हे आईला फोन करून विचारता येत नाही. एकदा जास्त घालून, एकदा कमी घालून कळतं. खिचडी करपली तर तीच खायची. दुसऱ्या संघाकडे मागायला कुणी जात नाही. त्या रात्री संघात जी चर्चा होते तिच्यापुढे कुठलंही व्याख्यान फिकं पडेल. दुसऱ्या दिवशी एक जण फक्त जाळाकडे बसलेला असतो.

रात्री दिशा शोधायला शिकवतात. सप्तर्षींतले पुढचे दोन तारे, क्रतू आणि पुलह, यांना जोडणारी रेघ लांबवली की ध्रुव सापडतो. पण डिसेंबरच्या शिबिरात संध्याकाळी सप्तर्षी पुरते उगवलेलेच नसतात. तेव्हा उत्तरेकडे उंचावर मोडक्या ‘एम’सारखी दिसणारी शर्मिष्ठा कामाला येते. मुंबई-पुण्याच्या परिसरातून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर दिसतो, डोंगर आडवा आला तर दिसतच नाही. मग होकायंत्र. शेवटच्या रात्री शेकोटी असते: गाणी, नाटुकली, आरोळ्या. प्रत्येक संघाने काहीतरी सादर करायचं असतं, त्यामुळे लाजरा मुलगाही चार जणांच्या आडोशाने पुढे येतो.

सरांचं काम काय

स्काऊट मास्तर व्हायला प्राथमिक आणि मग प्रगत प्रशिक्षण घ्यावं लागतं. पुढचा टप्पा हिमालय वूड बॅज, त्याची खूण म्हणजे चामड्याच्या दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी. राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे. पथकाच्या वर स्थानिक संस्था, जिल्हा, राज्य अशी साखळी असते. रेल्वेच्या झोनना तर या साखळीत स्वतंत्र राज्याचा दर्जा आहे. मुलींच्या जागतिक संघटनेचं एक केंद्र, ‘संगम’, १९६६ पासून पुण्यात आहे आणि देशोदेशीच्या गाईड तिथे येऊन राहतात.

पण सरांचं खरं काम या साखळीत नाही. त्यांनी चार संघनायक घडवायचे असतात, आणि मग हात मागे बांधून उभं राहायचं असतं. हेच सगळ्यात अवघड. मूल चुकतंय हे दिसत असतं, दोन मिनिटांत दुरुस्त करता येण्यासारखं असतं, तरी थांबायचं. आग, पाणी, औषध आणि धारदार हत्यारं सोडली तर बाकी ठिकाणी चुकू द्यायचं. अनेक शाळांत पथक मरतं ते इथेच. स्काऊटचा तास कवायतीचा होतो, संघ दर आठवड्याला हजेरीच्या क्रमाने नवे पाडले जातात, गाठी तक्त्यावर दाखवल्या जातात, आणि शिबिराला आचारी बोलावतात. गणवेश दिसतो, प्रमाणपत्रंही मिळतात, पण मुलांना एकही निर्णय घ्यावा लागलेला नसतो. याचं दुःख होतं, कारण त्याच शाळेत, त्याच सरांच्या हाताखाली, जादा एक रुपयाही न खर्चता हे वेगळं होऊ शकतं.

नवं पथक काढायचं असेल तर

उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी ३२ मुलांची नावं घेऊ नयेत. आधी सहा ते आठ मुलं निवडावीत, आणि निवडताना हुशार मुलांबरोबर दोन उनाड मुलंही घ्यावीत. तीन-चार महिने सरांनी या एकाच संघाचं नायकपद स्वतः करावं: त्यांच्याबरोबर चालावं, त्यांच्याबरोबर चूल मांडावी, एक रात्र माळावर काढावी. कोण कुणाला सांभाळून घेतो, कोण चिडतो आणि मग माफी मागतो, कोण शेवटचं पातेलं घासतो, हे त्यात कळतं. त्यांतले चार संघनायक करावेत, उरलेले उपसंघनायक. मग शाळेत नोटीस लावावी, आणि नव्या मुलांची नावं लिहून घ्यायला सरांनी न बसता या संघनायकांना बसवावं.